लाडावलेल्यांचा खेळ

"ही नवी आवृत्ती लाडावलेल्या पोरांसाठी आहे," गिरिजाने आणलेलं खेळाच्या नियमांचं पुस्तक टेबलावरून बाजूला सारत अच्युत म्हणाला. "हिच्यात कुणी मरतच नाही."

दर रविवारी सांगलीत त्याच्याच घरी खेळ रंगायचा. तो राक्षस, भुयारं, शापित किल्ले यांची गोष्ट रचून सांगायचा. बाकीचे योद्धे आणि जादूगार व्हायचे, निकाल फासे लावायचे. जुन्या आवृत्तीचे नियमही त्याला मवाळ वाटायचे, म्हणून वर स्वतःचे दोन-चार जोडलेले. गिरिजाने दोन वर्षं जपलेली जादूगारीण त्या दिवशी फाशाच्या एका दानाने मेली. तिचे डोळे भरून आले, तर हा म्हणाला, "रडायचं असेल तर सापशिडी खेळ."

पुढे अच्युतचा घसा बसला. गोष्ट सांगायला गिरिजा बसली आणि तो पहिल्यांदाच साधा खेळाडू झाला. त्याने एक सरदार घेतला आणि बसक्या आवाजातही त्याच्या घराण्याचा इतिहास सगळ्यांना ऐकवला. पहिल्याच पुलावर राक्षसाने सरदाराला लोळवलं.

"मेला," फासा पाहून गिरिजा म्हणाली.

"थांब जरा," अच्युत घाईघाईने म्हणाला. "त्या नव्या पुस्तकात जीव वाचवायची संधी देतात ना?"

कुणी हसलं नाही. गिरिजाने तो नियम वाचून दाखवला, फासा त्याच्या हातात दिला आणि सरदार वाचला.

पुढच्या रविवारी दार उघडल्या उघडल्या अच्युत गिरिजाला समजावू लागला, की जुने नियम मुळातच किती बिनडोक होते.