तू आणि तुम्ही

या शहरात एवढ्या भाड्यात मोरीसुद्धा मिळत नाही, आणि माझ्या मावसबहिणीने मला तिची अख्खी खोली देऊ केली. कॉलेजपासून दहा मिनिटांवर. "माझं शिक्षण संपलं, आता तू राहा," ती म्हणाली. मला भरूनच आलं.

आम्ही दोघी खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकीणबाई मला 'तू' म्हणाल्या आणि ताईला 'तुम्ही'. ताई मोठी, म्हणून मान देत असतील, असं मला वाटलं.

आज ताईने किल्ली माझ्या हातात ठेवली. बाई दारातच उभ्या होत्या. ताईला म्हणाल्या, "तू येत जा गं अधूनमधून."

ते ऐकून ताईने डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग बॅग उचलून, माझ्याकडे न बघता ती भराभर जिना उतरली. मी हाक मारली. तिने ओ दिली नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही चहा घेणार ना?"

"काकू, मला तूच म्हणा की. मी तर ताईपेक्षाही लहान आहे."

त्यांनी माझ्या खांद्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि ओळखीचं हसल्या.

"अगं, एकटी असतीस तर तूच म्हटलं असतं."