सहा ओळी मका

गावभर इंधनाचा मका डुलत होता. पीक दुप्पट, भाव तिप्पट, पण त्याचा दाणा माणसाला, गुराला, पाखराला कडूजहर. बहिर्जीने मात्र आढ्याला टांगलेलं जुन्या मक्याचं शेवटचं कणीस सोलून रानात मधोमध सहा ओळी पेरल्या होत्या. गोफण घेऊन तो राखणीच्या माळ्यावर बसला होता. इंधनाचा मका आल्यापासून, बारा वर्षांत पहिल्यांदाच पोपटांचा थवा उतरला.

"अवं, हाणा की धोंडा!" खालून त्याची बायको सगुणा ओरडली.

"खाऊ दे गं. त्यांनी खाल्लं म्हंजे आपलं बी नासलं नाही."

पोपटांनी कणसं सोलली, दाणे फोडले, तसेच टाकले आणि थवा उडून गेला. शेजारच्या मक्याचे पराग वाऱ्याने इथवर पोचले होते; हाही दाणा कडू झाला होता.

बहिर्जीने खाली उतरून सगुणेच्या हातात गोफण दिली. "चुलीत घाल ही. राखायचं काय उरलंय आता?"