हौसाबाईची हाळी

हौसाबाईच्या दहाव्याला नदीवर पिंड मांडून दोन तास झाले, तरी कावळा शिवेना. तीन कावळे बाभळीवर येऊन बसले होते. त्यातला एक खाली उतरला, तोच विमानतळाच्या कुंपणावरच्या भोंग्यातून हौसाबाईची हाळी आली, “हाऽऽ होऽऽ!” तिन्ही कावळे उडून गेले.

श्रीपतीने मान खाली घातली. बायकोचा आवाज त्यानेच चार वर्षांपूर्वी विमानतळाला दिला होता. ज्वारी राखताना ती माळ्यावरून अशीच हाळी द्यायची. यंत्र तिचा आवाज शिकलं आणि पाखरू दिसलं की दर वेळी नवी हाळी देऊ लागलं. फटाक्यांना सरावलेली पाखरं तिला कधीच सरावली नाहीत.

त्याने विमानतळावर फोन लावला. “मॅडम, दहा मिनिटं भोंगा बंद ठेवा. कावळा शिवायचाय.”

“काका, बारापर्यंत पाच विमानं उतरायचीत. एकेकात दीडशे माणसं. तुम्हाला मी काय सांगू?”

खरंच सांगायला नको होतं. त्याने स्वतः त्या धावपट्टीवर वीस वर्षं पाखरं हाकलली होती.

“अक्काची इच्छा राहिली असेल काही. शब्द द्या, दाजी,” मेहुणी म्हणाली.

नातीचं शिक्षण, गाईचा सांभाळ, सगळं कबूल करून झालं. कावळा पुन्हा आला, हाळी पुन्हा आली.

गुरुजी दर्भाचा कावळा करू लागले. “शेवटचं विचारतो. काय इच्छा राहिली असेल त्यांची?”

“गप्प बसायची,” श्रीपती म्हणाला. “तेवढा शब्द मला देता येत नाही.”