अर्धी कॉइल

“व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, गुणलं की वॅट. एवढं धरून चाल, पोरी,” नायराचे वायरमन वडील सांगायचे.

ते गेल्यावर ती कोचाबांबाच्या तंत्रशाळेत शिकली. शेवटच्या परीक्षेत प्रश्न आला: दोनशेवीस व्होल्टवर पाणी तापवणारा विजेचा शॉवर वीस अँपिअर घेतो. त्याची कॉइल तुटली आणि उरलेली अर्धीच जोडली, तर किती वॅट? नायराने लिहिलं, अकरा ओमचे साडेपाच झाले, म्हणून चार हजार चारशेचे आठ हजार आठशे.

आन्सेल्मो सरांनी सगळ्यांसमोर काट मारली. “अर्धी कॉइल, अर्धी वीज, नायराबाई. माझ्या घरी परवापासून अर्धीच जोडलीये. वीज वाचते, आणि पाणी तर असं कढत येतं!”

“अर्ध्या विजेत पाणी जास्त कढत कसं, सर?”

वर्ग फिसकन हसला. सरांचे कान लाल झाले. “लायसन हवंय ना? मग ते खोडा आणि दोन हजार दोनशे लिहा.”

घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने खोडलं, लिहिलं, आणि पास झाली.

रविवारी सरांच्या न्हाणीघरातली शॉवरची तार पेटली. त्यांची बायको भाजून दगावली. संध्याकाळी नायरा उर्कुपिन्याच्या मारियामाउलीपुढे मेणबत्ती लावून बराच वेळ बसली, आणि तिला एक शब्द देऊन उठली.



सोमवारी लायसनच्या रांगेत न थांबता ती परीक्षेच्या खिडकीशी गेली आणि हळूच म्हणाली, “माझं उत्तर चुकलंय. मला नापास करा.”