न टाकलेलं पत्र

तीन वर्षं अभिमन दूरचं केंद्र पकडायला रेडिओ उघडून तांब्याच्या तारेची वेटोळी बदलत होता आणि सगळा नुसता खरखराट ऐकून बायको सुनंदाबाई म्हणायची, "बठ्ठी खरखरच शे!" आज भर दुपारी, चोपडा गावात कुणालाच न सापडलेलं परदेशातलं हिंदी केंद्र खणखणीत लागलं.

"जिंकलो!" अभिमन ओरडला. आवाज पोचल्याचं पत्र टाकलं की केंद्रवाले नाव घेऊन वाचतात, म्हणून तो लगेच लिहायला बसला.

दोनच ओळी झाल्या, तोच निवेदिका म्हणाली, "चोपडा से अभिमनजी लिखते हैं…" आणि तिने त्याच दोन ओळी वाचल्या.

"तुमनं नाव उनं!" नवऱ्याचं नाव आलेलं ऐकून सुनंदाबाईने टाळी वाजवली.

"मेरी पत्नी ताली बजा रही है," निवेदिका पुढे वाचत होती.

अभिमन हसतहसत, एक शब्द चुकू न देता, ती वाचेल तसं आपलं पत्र भराभर उतरवून घेऊ लागला.