वळलेल्या माना

वणवा डोंगर उतरत होता आणि मेळघाटातल्या बचाव छावणीच्या फाटकातून जनावरं एकामागून एक आत येत होती. पूर्ण वाढ झालेल्या जनावरांच्या मानेत चिप होती. पशुवैद्य डॉ. हेमांगी रोठेने बटण दाबलं, की चिप पायांचा ताबा घेई आणि जनावराला आगीबाहेर चालवत आणी.

तेवढ्यात एक सांबरी आली. पाय सरळ छावणीकडे पडत होते, पण मान पूर्ण मागे वळलेली होती आणि ती टाहो फोडत होती.

“ही अशी का चालतेय?”

“मॅडम, हिचं पाडस मागं राहिलंय,” स्वयंसेवक सोमजी कास्देकर म्हणाला.

पिल्लांना चिप बसवत नाहीत, हे हेमांगीला माहीत होतं. त्याचा अर्थ आज कळला. तिने सांबरीची चिप बंद केली.

“अहो, मरेल ती!” सोमजी ओरडला.

सांबरी अडखळली. पाय पुन्हा तिचे झाले. ती गर्रकन वळली आणि धुरात शिरली. दोघं वाट पाहत राहिले. ती परत आली नाही.

मग हेमांगीने रांगेकडे नीट पाहिलं. अस्वल, भेकर, गवा, कितीतरी माद्यांच्या माना मागे वळलेल्या होत्या.

“यांचं काय करायचं, मॅडम?”

तिचं बोट चिप बंद करायच्या बटणावर गेलं. मग तिने हात मागे घेतला, पाण्याची बादली उचलली आणि चिपने जागच्या जागी उभ्या केलेल्या गव्याच्या मादीचे भाजलेले पाय धुऊ लागली. मादीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे डोंगरावर होते.