वाढत्या अंगाचा

मेलेल्या राजाच्या ताटात अकराव्याचं कट्टो, म्हणजे मेलेल्याच्या वाट्याचं जेवण, जेवून टीकाराम पौड्याल हा ब्राह्मण उठला आणि राजाचाच अंगरखा घालून मांडवात उभा राहिला. आता त्याने हत्तीवरून नदी ओलांडायची आणि पुन्हा जन्मात सिमलकोटला फिरकायचं नाही. त्याच्याबरोबर राजाची सावलीही जाते. मात्र 'येऊ नकोस' असं राजाच्या आईने तिला तोंडाने सांगायला हवं.

राज्य म्हणाल तर त्रेचाळीस दिवसांचं. गादी नीट दबलीही नव्हती, तोच सतरा वर्षांचा जयमुकुंद तापाने गेला. दरबाराला दम कुठला, दुसऱ्याच दिवशी सात वर्षांच्या धाकट्याला त्यांनी गादीवर बसवला. तो आत्ता आईच्या मांडीवर पेंगत होता.

"हा अंगरखा त्याचाच ना?" राजमातेने विचारलं. "त्याला तर चांगला सैल होत होता."

"त्याचाच, मुमा," राजगुरू म्हणाले. "वाढतं अंग आहे, सैल शिवा, असं आपणच शिंप्याला सांगितलं होतं."

टीकारामला तो बेतून शिवल्यासारखा बसला होता.

"वय काय तुमचं?"

"बेचाळीस, मुमा."

"जरा चालून दाखवा."

तो बिचारा चार पावलं चालला. खांदे भरलेले, मिशीत दोन-चार पांढरे केस. मुमाची नजर हलेना. तिला मुलगा हवा होता, असाच, केस पिकेपर्यंत.

"मिशी शोभते तुला," ती म्हणाली.

राजगुरू खाकरले. "मुमा, ते शब्द बोला. सावली इथे घुटमळली तर धाकट्या महाराजांना धरेल."

टीकाराम निरोपाला वाकला आणि जन्माच्या सवयीने बोलून गेला, "येतो, मुमा."

राजगुरूंनी कपाळाला हात लावला. "पंडित, जातो म्हणा, जातो!"

"चुकलो. जातो."

सगळे मुमाकडे बघू लागले. तिने मांडीवरच्या पोराला शालीत गुंडाळून घेतलं.

"येऊ नकोस," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

नगारे वाजले. हत्ती पाण्यात उतरला. पाणी त्याच्या पोटाला लागलं, तशी मुमा धाकट्याला घेऊन उठली आणि सगळ्यांना ओलांडून काठापर्यंत गेली.

"पाय वर घे रे," ती ओरडली, "पाणी गार आहे."